नसरीन, तू एकही गोल केला नाहीस

नसरीन, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी चार वेळा तुझ्या घरापर्यंत आलो. दोन वेळा बसलो, दोन वेळा कोपऱ्यावरूनच परत फिरलो. तुझे वडील, रहीमभाई, गॅरेजसमोरच्या बाकावर बसलेले असतात. मला पाहिलं की सरकून जागा करतात. मग आम्ही दोघंही रस्त्याकडे पाहत बसतो. तुझ्याशी माझा एक वाद अर्धवट राहिला आहे आणि तो त्यांच्याजवळ पुरा करता येण्यासारखा नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी खरं ते सांगतो. मी घाबरलो आहे. दुःख आहेच, पण भीती त्याच्या पुढे उभी राहते आणि दुःखापर्यंत पोचूच देत नाही. पूनमच्या राज्य शिबिराचा कागद आमच्या घरी आठवडाभर फडताळावर पडून होता. त्यावर पालकाची सही हवी होती, आणि बुधवारी तो पोचला पाहिजे. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तुझ्याच जागेवर खेळते, बचावफळीत, मधोमध. वरून आलेला चेंडू तुझ्यासारखाच कपाळावर घेते. आणि तू, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मैदानावर चुन्याची रेघ मारता मारता डोकं धरून खाली बसलीस.

मी तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये, वजनकाट्यावर होतो. पोरी धावत आल्या. आधी मला वाटलं, पूनमला काही झालं. मग पूनम पुढे दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण त्या एका क्षणाची लाज अजून गेलेली नाही. तुला झालं आहे हे कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं होतं.

जीपमध्ये तुझं डोकं तुझ्या आईच्या मांडीवर होतं. यवतमाळच्या अर्ध्या वाटेपर्यंत तू बोलत होतीस. ड्रायव्हरला म्हणालीस, "दादा, हळू चालवा, मले गड्ड्यात नाही, दवाखान्यात जाचं हाये." तो हसला, मीही हसलो. त्यानंतर तू बोलली नाहीस. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं, की डोक्यानं चेंडू मारून मारून असं होतं का. ते म्हणाले, काहींची रक्तवाहिनी जन्मापासूनच कमजोर असते. खेळामुळे झालं असं म्हणता येत नाही, आणि झालं नाही असंही मी ठामपणे सांगू शकत नाही. सव्वीस वर्षं मी काट्यावर काढली. गाडी भरलेली चढते, रिकामी उतरते, आकडा समोर असतो. या उत्तराला वजनच नाही. ते मी कुठे ठेवू?

तू नऊ वर्षांची असताना गॅरेजच्या मागच्या पट्टीत पोट्ट्यांबरोबर खेळायचीस. त्यांच्यात मागे उभं राहायला कुणी तयार नसे, सगळ्यांना गोल करायचा असे. म्हणून तुला मागे उभं केलं. तू तिथेच राहिलीस. पोट्ट्यांना तू पुढे जाऊ देत नाहीस म्हणून ते चिडायचे, आणि आठवडाभरानं तेच तुला घरून बोलवायला यायचे. तू बारा वर्षांची झालीस तेव्हा मी रहीमभाईंकडे गेलो होतो. हे तुला कधी कळलं का, मला माहीत नाही. मी त्यांना म्हटलं, "भाई, पोरगी मोठी होऊन राह्यली. लोक बोलतात. आता बंद करा." ते इंजिनाखाली झोपलेले होते. तिथूनच म्हणाले, "भाऊ, गाडीचा आवाज बिघडला तं मी खोलतो. माह्या पोरीचा आवाज बराबर येऊन राह्यला. कायले खोलू?"

मी घरी आलो. लोक बोलत होते हे खोटं नव्हतं. पण सर्वांत जास्त बोलत होतो तो मीच होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला तुझी भीती वाटायची. उघड्या रस्त्यावरून हाफ पँट घालून, कुणाकडे न पाहता चालणारी मुलगी माझ्याच गावात राहते, आणि उद्या माझ्या घरात मुलगी झाली तर तिला हीच दिसेल, ही ती भीती. पुढे तसंच झालं.

तू जिल्ह्याच्या संघात गेलीस, मग राज्याच्या, मग बाहेरच्या मोठ्या शहरातल्या एका संघाकडून नऊ हंगाम खेळलीस. त्या संघात मणिपूरच्या मुली होत्या, केरळच्या होत्या, आणि यवतमाळ कुठे आहे हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं, असं तू सांगायचीस. गुडघा गेला तेव्हा परत आलीस. मी एकदा तुला गंमतीनं विचारलं होतं, "नऊ वर्षांत गोल किती केले?"

"शून्य."

"एकही नाही?"

"एक नाही, अर्धाही नाही."

"मंग तुही गिनती कायची करावं?"

तू बुटाची नाडी सोडत होतीस. म्हणालीस, "भाऊ, माहं काम म्हंजे जे होऊ द्यायचं नाही थे. जे झालंच नाही, त्याची गिनती कोन करते?"

त्याचं उत्तर मला आज सुचतं. आज सुचतं. मी करतो, नसरीन. जे झालं नाही त्याचीच गिनती मी आयुष्यभर केली आहे. पूनम जीपमधून पडली नाही, तिला साप चावला नाही, तिला कुणी वाटेत अडवलं नाही. ती घरी येईपर्यंत रोज एवढंच मोजत असतो.

तू मुलींचा संघ उभा केलास तो जिनिंगच्या आवारात. मालकाला तूच विचारलंस, माझी शिफारस न घेता. दिवाळीपर्यंत आवार मोकळं असे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की तुमची हकालपट्टी. मग ती वर्षं आली. बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली, बाहेरून हिरवी आणि फोडली की काळी. जिथे आवाराबाहेर रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग असे, तिथे सकाळी सात-आठ गाड्या यायच्या, दुपारी काटा रिकामा. ज्या वर्षी कापूस नाही त्या वर्षी तुम्हाला जानेवारीपर्यंत मैदान मिळालं. पोरी त्याच वर्षी तयार झाल्या. पोरी पळताना पाहून बरं वाटायचं आणि आवार का मोकळं आहे हे आठवलं की तेच बरं वाटणं खुपायचं. दोन्ही एकाच वेळी.

त्याच वर्षी सतरा पोरींच्या नऊ राहिल्या. दोघींची लग्नं झाली, बाकीच्यांची घरं कामासाठी पुण्याकडे गेली. राहिलेल्यांच्या घरी तू एकेक करून गेलीस. बोरी अरबच्या एका पोरीच्या बापानं तुला सुनावलं होतं, "तुमी पोरीले मांगं उभं राहाचं शिकवता ना? मंग थे घरीच शिकते. आमच्या घरच्या बाया मांगंच उभ्या राह्यतात." तू परत येऊन मला हे हसून सांगितलंस. पण चहा तसाच ठेवून गेलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरी गेलीस, आणि ती पोरगी, वैशाली, आली.

चार पोरींच्या कमरेला तू बैलाचा कासरा बांधायचीस. दोघींमध्ये पाच-पाच हात दोर. एक डावीकडे सरकली की चौघींनी सरकायचं, एक पुढे गेली की चौघींनी जायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पूनमच्या आईला, सुनंदाला, सांगितलं की पोरींना जनावरासारखं बांधलं आहे. ती म्हणाली, "तुमाले दोरच दिसला का? पूनम हासून राह्यली होती का नाही, थे सांगा." हसत होती.

अमरावतीच्या त्या सामन्याचं आपलं बोलणं कधी पुरं झालं नाही. शेवटची दहा मिनिटं, बरोबरी. तुझ्या पोरी एका रेषेत पुढे सरकल्या, म्हणजे समोरच्या संघाची पोरगी त्यांच्या मागे एकटी उरली असती आणि तिच्याकडे चेंडू आला असता तरी तो धरला गेला नसता. हा नियम तूच मला काड्या मांडून समजावला होता. पण वैशाली अडखळून पडली. आणि पूनम, माझी पूनम, पुढे जायची ती वळली, मागे गेली, वैशालीला उठवायला लागली. दोघी मागे राहिल्यामुळे समोरची पोरगी नियमात आली, आणि तिला अडवायला मधोमध कुणी उरलं नाही. तिच्याकडे चेंडू आला. गोल झाला. एक-शून्य.

परतीच्या जीपमध्ये मी पूनमला बोललो. पंच थांबवेपर्यंत पडलेलीला उचलायचं नसतं, एवढं साधं कळत नाही का, म्हटलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. तू पुढच्या सीटवरून मागे वळलीस.

"भाऊ, या पोरी दिवाळीच्या सुट्टीत कायले गेलत्या?"

"कापूस येचाले."

"पाथीत एखादी बाई मांगं राह्यली तं आपुन काय करतो?"

मला माहीत होतं. वेचणाऱ्या बाया एकेक ओळ धरून पुढे जातात, तीच पाथ. कुणी मागे राहिलं की पुढची बाई आपली पाथ संपवून वळते आणि तिची काढून देते, म्हणजे सगळ्या बरोबर बांधावर येतात.

"वळतो," मी म्हटलं.

"मंग? बारा दिवस तुमीच वळाले शिकवलं, अन् आज वळली तं बोलून राह्यले."

"वावर वेगळं, मैदान वेगळं. हे सुधारलं पाह्यजे का नाही?"

"मैदानावरचं सुधरवतो," तू म्हणालीस. "बाकीचं राहू द्या."

जीपमधल्या पोरी हसल्या. पूनमही. पण माझी खात्री झाली होती की ही पोरगी मागे उभी राहायला योग्य नाही. ती दुसऱ्याकडे पाहते. दुसऱ्याकडे पाहणाऱ्याला लागतं.

तेव्हापासून मी मोजायला लागलो. आठवड्यातून चार दिवस सराव. एका दिवसात पूनम डोक्यानं पंचवीसेक चेंडू मारते. आठवड्याला शंभर. वर्षात चाळीस आठवडे धरले तर चार हजार. हे सगळं वहीच्या एका पानावर लिहून मी तुझ्याकडे आलो. खाली आणखी एक आकडा होता, तो तुझा. अठरा वर्षं, वर्षाला चार हजार. बहात्तर हजार.

"भाऊ, तुमी कापूस मोजा," तू म्हणालीस. "पोट्टीचं डोस्कं नोका मोजू."

"तिले पुढं खेळव. नाही तं कडेला. मधून काढ."

"मधूनच सगळं दिसते. तिले दिसते, म्हनून तं तिथं ठेवलं." मग तुझं बोट खालच्या आकड्यावर आलं. "हा कोनाचा?"

"तुहा."

"एवढे?" तू हसलीस. "मंग तं मले बक्षीस पाह्यजे." आणि हसता हसता कपाळाला हात लावलास. ते मी पाहिलं. मला वाटलं, गंमत करते आहे. तू ते पान मागितलंस, मी फाडून दिलं. म्हणालीस, "विचार करतो. इतवारी सांगतो."

त्या रविवारच्या आधीच, गुरुवारी, तू गेलीस.

तुझं उत्तर काय असतं, हे मी अकरा दिवस शोधतो आहे. आठव्या दिवशी पूनम भाकरी खाता खाता म्हणाली, "बाबा, तुमी आपाले काही म्हनलं होतं का? तिनं लहान पोरींचं डोक्यानं मारनं बंद केलं होतं. त्याच आठवड्यात." मी म्हटलं, म्हटलं होतं. त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी जास्तच घाबरलो. माझं ऐकून तू कधी काही केलं नाहीस. या वेळी केलंस, म्हणजे तुला काहीतरी माहीत होतं.

"आपाचं डोस्कं दुखे," पूनम म्हणाली. ती ताटाकडे पाहत होती. "दोन महिने झाले. पिशवीत गोळ्याचं पाकीट राहे. मी पाह्यलं तं म्हने, कोनाले सांगशीन तं संघातून काढून टाकीन."

"अन् तू नाही सांगतलं?"

"हासून म्हनत होती. मले वाटलं मजाक हाये." मग ती रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. सुनंदा तिच्याजवळ सरकली आणि मला डोळ्यांनी म्हणाली, आता काही विचारू नका. मी विचारलं.

"अन् तुहं? तुहं दुखलं का कधी?"

तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "पुसदच्या मॅचमधी त्या पोरीचं डोस्कं लागलं होतं ना. तवा दोन दिवस दुखलं."

"दोन दिवस मी घरीच होतो."

"म्हनूनच नाही सांगतलं."

नसरीन, एवढं भयंकर वाक्य माझ्या घरात आजवर कुणी बोललेलं नाही. तिनं ते रागानं म्हटलं नाही. पाऊस आला म्हणून कपडे आत आणले, अशा सुरात म्हटलं. तिचे चेंडू मोजणारा मी. तिला लागलेले दोन दिवस माझ्या समोर बसून गेले आणि ते माझ्या वहीत नाहीत.

तू का लपवलंस, हे तेव्हा मला कळलं, किंवा कळलं असं मी समजतो. गुडघा दुखत असतानाही तू एक पूर्ण हंगाम खेळली होतीस, हे तूच सांगितलं होतंस. घरी सांगितलं तर बंद होईल, संघाला सांगितलं तर जागा जाईल. तू बारा वर्षांची असताना बंद करा म्हणत तुझ्या घरी कोण आलं होतं, तेही आठवलं. मी एकटा नव्हतो, असे बरेच असतील. पण मी होतो. ज्या भीतीला मी राखण समजत होतो, तिनं तुला आणि पूनमला एकच शिकवलं, की दुखलं तर बोलायचं नाही. यासाठी माफी मागायची ती तुझ्याकडेच मागायला हवी होती. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भाऊ, चहा घ्या." आणि तो विषय तिथेच संपला असता. इथे मला तो तसा संपवता येत नाही.

परवा मी पूनमला यवतमाळला डॉक्टरकडे घेऊन गेलो. तपासलं, आज काही दिसत नाही म्हणाले. डोक्याला मार लागला तर त्याच वेळी मैदान सोडायचं, सांगायचं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळायचं नाही, एवढं त्यांनी तिला दोनदा सांगितलं. मला काही सांगितलं नाही. ती सांगेल तेव्हाच माझं काम सुरू होतं, आणि ती सांगेल का, याची खात्री कोणताही डॉक्टर देणार नव्हता.

येताना जीपमध्ये मी एक हिशेब मांडला, मनातल्या मनात. सही केली नाही तर ती शिबिराला जाणार नाही. पण खेळणं सोडणार नाही, ती तुझी पोरगी आहे. जिनिंगच्या आवारात खेळेल, शाळेच्या मैदानावर खेळेल, आणि दुखलं तर मला कधीच सांगणार नाही. सही केली तर ती दूर जाईल, अनोळखी पोरींच्या धडका घेईल, आणि दुखलं तर कदाचित सांगेल. दोन्हीकडे भीती सारखीच होती. फरक त्या एका 'कदाचित'चा होता. मी तेवढ्यावर गेलो.

काल सही केली. पूनम समोर उभी होती. मी म्हटलं, "एक अट हाये."

"कोनती?"

"दुखलं तं सांगजो. मी बंद नाही करनार."

ती माझ्याकडे पाहत राहिली. विश्वास ठेवावा की नाही, हे ती मोजत होती. माझ्यासारखीच. "खरंच?"

"खरंच."

"अन् वही?"

मी वही तिच्या हातात दिली. तिनं ती फाडली वगैरे नाही. तिच्या पुस्तकांमध्ये ठेवली. सुनंदा आतून म्हणाली, "आता या मानसाले झोप कशी येईन?" पूनम हसली.

खरं तर भीती तसूभरही कमी झालेली नाही, नसरीन. हे लिहितानाही ती इथेच आहे. तू मैदानावर खाली बसलीस ते मी पाहिलेलं नसूनही मला रोज दिसतं, आणि कधी कधी त्या जागी बसलेलीचं तोंड तुझं नसतं. पण पूनमला कपाळ समोर धरून उभं राहायला तू शिकवलंस, आणि तुझ्या गोळ्यांबद्दल तिनं मला सांगितलं म्हणून तिच्या दोन दिवसांचं मला कळलं. तुझ्यामुळे मी तिला गमावेन असं वाटत होतं. तुझ्यामुळेच ती माझ्याशी खरं बोलली. यातलं कोणतं कशातून वजा करायचं, मला कळत नाही.

आज सकाळी ती सरावाला निघाली. तुझ्या लहान पोरींना आता तीच शिकवते. दारात बूट घालत होती. मी काही विचारलं नव्हतं. नाडी बांधून झाल्यावर ती म्हणाली, "आज नाही दुखत, बाबा."

मी "बरं" म्हटलं. त्यापुढे बरंच काही तोंडात आलं होतं, ते गिळलं. उद्या ती सांगेल की नाही, माहीत नाही. मी विचारणार नाही. ती बूट घालेल तेव्हा दाराजवळच कुठेतरी असेन, तिनं हळू म्हटलं तरी ऐकू येईल एवढ्या अंतरावर.